मुक्या स्नेहदुर्गाची हकीकत

॥ श्री ॥

विद्येची देवता आणि मोबाइलाची रेंज, या दोहोंस प्रथम नमन करून लिहिणार लिहितो की, पुढील मजकूर कोणी खरा मानणार नाही. मानूही नये. आम्ही स्वतः दुसऱ्याचे तोंडून ऐकिला असता तर सांगणाऱ्यास गार पाणी पाजून, रिक्षात बसवून, घरी पोचता केला असता. परंतु आम्ही ऐकिला नाही, डोळ्यांनी पाहिला. आणि जेवढा पाहिला नाही तेवढा पाहिला असता तर कैसा दिसता, हे आम्हांस पक्के ठाऊक, सबब तोही पाहिल्यातच जमा. तरी मंडळींनी सावकाश बसून ऐकावे.

शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सर, आश्विन मास. एक राज्य होते. नाव सांगणे नाही. सांगितल्यास तेथील लोक ओळखतील आणि आमचा तेथील चहा बंद होईल. राज्य टेकडीवर, तीन मजली, पश्चिमेस सायकलींचा तबेला, शिरावर पाण्याची टाकी. गादीवर श्रीमंत प्राचार्य विश्वंभरराव सरकार. दयाळू, धोरणी, आणि माइक एकदा हाती आला म्हणजे परत न देणारे. त्यांचे मुतालिक उपप्राचार्य त्र्यंबकराव, शिस्तीचे ऐसे करडे की तास सुरू असता खिडकीवरील कबुतरे घुमावयाचे आधी दाराकडे पाहत. रयत म्हणजे विद्यार्थी, पहिल्या वर्षाचे तीनशे. सकाळी एसटीने यावे, बाकावर बसावे, हजेरीस नंबर आला की "येस सर" म्हणावे, आणि मान खाली घालून मोबाइलात जे बुडी मारावे ते घंटा होईतो वर येऊ नये. शेजारी कोण बसतो हे शेजारच्यास ठाऊक नाही. एक मुलगा वाणिज्याचा, तो अख्खी सहामाही चुकून वनस्पतिशास्त्राच्या वर्गात बसला, आणि त्यास कोणी विचारिले नाही, आणि त्यानेही कोणास विचारिले नाही, आणि मग परीक्षेत तो पहिला आला. ऐसे राज्य.

त्या रयतेत सुनंदा पावरा नामे मुलगी होती, डोंगरापलीकडील पाड्यावरची, घराण्यातून कॉलेजात आलेली पहिलीच. तिणे पहिल्या दिवशी भूगोलाचे तासास उभी राहून एक प्रश्न विचारिला, आपल्या बोलीचे वळणाने. तो मागील बाकावरील मनाली ठोसर नामे मुलगी फिस्सकन हसली, आणि तिचे पाहून वर्ग हसला. मनालीचे मनात काही वाईट नव्हते, ती पोर रिकाम्या फळ्यासही हसत असे. परंतु सुनंदा खाली बसली ती पुन्हा उभी राहिली नाही. भूगोल शिकविणाऱ्या कल्याणीबाई वझरकर, तासिका तत्त्वावर नेमलेल्या. तासिका तत्त्व म्हणजे घंटा वाजली की शिक्षक, पुन्हा वाजली की पाहुणे. त्यांनी एके दिवशी सुनंदेस व्हरांड्यात गाठून पुसिले, तो ती म्हणाली, "मॅडम, मी दिवाळीच्या सुट्टीला घरी जाते ती सगळं सामान घेऊन. परत येणार नाही."

"का ग? कोणी काही बोललं?"

"कोणी बोलतच नाही ना मॅडम. हजेरीत मी एकोणचाळीस. खोलीवर मी 'ती कोपऱ्यातली'. अजून एकानं सुनंदा म्हटलं नाही. पाड्यावर आमची शेळीसुद्धा नावानं हाक मारली की येते."

"मी वर्गात सांगू का सगळ्यांना?"

"नको मॅडम, हात जोडते. पुन्हा हसतील."

"बरं, नाही सांगत. पण सुट्टी लागेपर्यंत तरी आहेस ना?"

"आहे की. सहामाहीचा अभ्यास झालाय माझा, पेपर कशाला बुडवू?"

मग कल्याणीबाई विचारात पडल्या, आणि धैर्य करून हुजुरांत गेल्या, आणि विनंती केली की, सरकार, मुले दिवसभर मोबाइलात असतात, तर त्याच मोबाइलात त्यांचा एक ग्रुप करावा, तेथे एकमेकांस नावे कळतील, अभ्यासाचे बोलतील, एकटे पडलेल्यास सोबत होईल. सरकार ऐकून प्रसन्न जाहले. कारण नुकताच वरच्या पातशाहीतून खलिता आला होता की, दिवाळीनंतर पाहणीचे सरदार येतील आणि विद्यार्थ्यांत आपसांत जिव्हाळा कितपत आहे हे तपासतील. सरकारांनी मुतालिकांस पुसिले, "त्र्यंबकराव, आपल्याकडे जिव्हाळा आहे काय?" मुतालिक म्हणाले, "मागल्या पाहणीस होता, सरकार. भांडारात पाहावा लागेल." सरकार म्हणाले, "जुना नको. नवा करा."

मग ग्रुप बांधण्याची मसलत बसली. ग्रुप म्हणजे किल्लाच, आणि अ‍ॅडमिन म्हणजे किल्लेदार, हे प्रथम ठरले. मग नावावरून रण माजले. मराठीचे शास्त्री म्हणाले स्नेहदुर्ग; गणिताचे म्हणाले 'प्रथम वर्ष' एवढे पुरे, बाकी सर्व अलंकार; आणि कोणाचेही मन मोडू नये म्हणोन सर्वांची नावे एकत्र केली, ती एवढी लांब जाहली की मोबाइलाचे काचेवर 'स्ने' एवढेच दिसे आणि पुढे तीन टिंबे. ग्रुपच्या कपाळी सरकारांचे फेट्यातील चित्र लाविले. मग किल्लेदारी वाटली. ज्याची नेमणूक कायम त्यास किल्लेदारी, या न्याये मानापमान होऊ नये म्हणून सर्व अध्यापक, ग्रंथपाल, व्यायामशिक्षक, हेडक्लार्क, सारेच अ‍ॅडमिन जाहले. एकट्या कल्याणीबाई राहिल्या. ज्यांनी किल्ला सुचविला त्या रयतेत, कारण तासिका तत्त्वावर किल्लेदारी देण्याची वहिवाट नाही.

किल्ल्याचा दरवाजा उघडला, आणि उघडताच एका मुलाने लिहिले, "कालच्या तासाच्या नोट्स कोणाकडे आहेत का?" आणि दुसरी म्हणाली, "माझ्याकडे अर्ध्या आहेत." आणि तिसरा म्हणाला, "उरलेल्या माझ्याकडे. कॅन्टीनला या." झाले. हे त्र्यंबकरावांनी वाचिले मात्र, चष्मा कपाळावर चढला. म्हणाले, "परवानगीवाचून तिघे बोलले! आणि कॅन्टीनला जमाव बोलावितात! आज नोट्स, उद्या काय काय मागतील!" आणि त्यांनी एक बटण होते ते दाबिले, ज्यायोगे ग्रुपात फक्त अ‍ॅडमिनांनीच बोलावे आणि इतरांनी वाचावे. रयतेच्या मोबाइलातील लिहावयाची जागाच नाहीशी जाहली. आणि ही गोष्ट त्र्यंबकरावांनी सरकारांस कळविली नाही. एवढ्याशा कामी हुजुरांस काय तसदी द्यावी, असा त्यांचा सद्भाव.

मग किल्लेदारांचा दरबार जो भरला तो काय वर्णावा! पहाट होताच हेडक्लार्क सूर्योदयाचे चित्र पाठवीत, आणि त्यावर ग्रंथपाल "सुप्रभात" म्हणत, आणि त्यावर सर्व किल्लेदार एकेक करून "सुप्रभात" म्हणत, आणि ते संपेतो दुपार होई, मग "शुभ दुपार" सुरू. व्यायामशिक्षकांनी रोज एक सुविचार पाठवावा आणि शास्त्र्यांनी त्यातील शुद्धलेखन सुधारावे. सरकारांनी एके दिवशी 'हं' एवढेच लिहिले, बहुधा चुकून. त्यावर चौदा जणांनी "सुंदर विचार सर" म्हणोन लिहिले. आणि रयत गप्प.

सरकारांनी चार दिवस वाट पाहिली, आणि मग खासा लिहिले, "विद्यार्थी मित्रहो, हा ग्रुप तुमचाच आहे. मोकळेपणाने बोला." रयत गप्प. पुन्हा लिहिले, "भिऊ नका. आमचे अभय आहे. बोला." रयत गप्प. मग कोपाने लिहिले, "बोला!" आणि त्यावरही काही नाही, तेव्हा सरकारांनी दरबार बोलाविला आणि म्हणाले, "त्र्यंबकराव, लेकरे बोलत का नाहीत?"

त्र्यंबकरावांचे कपाळी घाम. म्हणाले, "आदर, सरकार. आदराने कंठ दाटला आहे."

"तीनशे कंठ एकदम?"

"आदर मोठा आहे, सरकार."

इतिहासाचे अध्यापक मिशीवर हात फिरवून म्हणाले, "क्षमा असावी. अशी शांतता ही बंडाची पहिली निशाणी होय."

"आणि दुसरी निशाणी?"

"गलबला, सरकार."

"म्हणजे बोलले तरी बंड, न बोलले तरी बंड?"

"इतिहास तसाच आहे, सरकार. आम्ही फक्त शिकवितो."

मग सरकारांनी हुकूम केला की, ग्रुपावर न बोलल्याबद्दल सर्व रयतेस कारणे दाखवा नोटीस द्यावी. ती ग्रुपावरच दिली, आणि खाली ताकीद लिहिली की, न बोलण्याचे कारण ग्रुपावरच बोलून कळवावे, तोंडी वा कागदी उत्तर घेतले जाणार नाही. कल्याणीबाई हुजुरांत सांगावयास निघाल्या की किल्ल्याचे तोंडच शिवलेले आहे, तो त्र्यंबकराव दारातच आडवे जाहले आणि म्हणाले, "बाई, तुमचा तास किती वाजता?" बाई म्हणाल्या, "झाला, सर." "मग आता आपण राज्यात नाही," ऐसे बोलून त्यांनी दार लाविले.

आता रयतेची अक्कल पाहावी. लिहावयाची जागा गेली होती, परंतु किल्लेदार जे लिहीत त्यास बोटाने दाबून धरिले असता एक चिमुकले चित्र लावता येई, जसे अंगठा, बदाम, हसरा चेहरा. एवढी एक खिडकी मुतालिकांच्या ध्यानातून राहिली होती. तीनशे जणांनी त्या नोटिशीस कुलपाचे चित्र लाविले. दरबारात खल जाहला. शास्त्री म्हणाले, "कुलूप म्हणजे सरकारांचे वचन आम्ही हृदयात बंद करून ठेविले, ऐसा भाव." मग रयतेने तोंडास चेन लाविलेला चेहरा लाविला. शास्त्री म्हणाले, "नवी पिढी. हसली असेल." त्र्यंबकरावांस मात्र सर्व समजत होते, आणि त्यांस जेवण जाईना. बटण उघडावे तर पहिल्याने बंद कोणी केले हे निघते, आणि न उघडावे तर पाहणीचे सरदार वाटेवर.

ऐशात सहामाही संपली, आणि शुक्रवारी त्र्यंबकरावांनी ग्रुपावर लिहिले, "उद्या दुपारपासून दिवाळीची सुट्टी. ग्रंथालयाची पुस्तके जमा करावीत." त्या मजकुरास कोणी दिवा लाविला, कोणी फटाका लाविला, आणि त्या गर्दीत एकीने बस लाविली. मनाली ठोसर कॅन्टीनमध्ये समोसा खात होती, तिणे ते पाहिले आणि म्हणाली, "ए, दिवाळीला बस कोणी लावली ग?" आणि बोटाने दाबिले तो नाव निघाले, सुनंदा पावरा.

"ही कोण?"

सोबतीण म्हणाली, "अगं, एकोणचाळीस."

"एकोणचाळीसला नाव आहे?" ऐसे मनाली बोलून गेली, आणि समोसा तसाच हाती राहिला. मग तिणे वरवर जाऊन मागील मजकूर पाहिले. बुधवारी सुविचारास सर्वांनी अंगठा लाविला होता, या पोरीने बॅग लाविली होती. सोमवारी "सुप्रभात"ला हिने घर लाविले होते. आरंभीचे दिवसांतले सरकारांचे "मोकळेपणाने बोला" होते, त्यास हिने लाविला होता हात वर केलेला माणूस, आणि तो तेथे इतके दिवस तसाच हात वर करून उभा होता.

"पोरींनो, ही चाललीये."

"सुट्टीला सगळेच चाललेत, मने. तू समोसा खा."

"घर, बॅग, बस. यात परत यायचं काही आहे का? मी त्या दिवशी हसले होते ना, ती हीच."

मग फोन लाविला, तो लागेना; पाड्याकडील मुलींची खोली तळघरात, तेथे रेंज पायरीवर उभे राहिल्यावाचून मिळत नसे. मग मनालीने आपला फटाका काढिला आणि त्या जागी थांबा म्हणणारा पंजा लाविला, आणि सोबतिणींनी लाविला, आणि ज्यांस कारण ठाऊक नव्हते त्यांनी विचारून घेतले, आणि कॅन्टीनमध्ये लोक मोबाइलातून मान वर काढून एकमेकांशी बोलू लागले, "कोण ग? कुठं बसते? तिसऱ्या रांगेत? मी तिच्या मागंच बसतो की!" आणि पुस्तके जमा करण्याचे नोटिशीस कोणी पंजा, कोणी चहाचा कप, कोणी रिकामी खुर्ची, ऐसे लाविले. आणि कल्याणीबाईंनी लाविली शेळी. तेव्हा किल्लेदार पुरते चक्रावले. ग्रंथपाल धावत हुजुरांत आले आणि म्हणाले, "सरकार, पुस्तके मागितली तर शेळी म्हणतात!" इतिहासाचे अध्यापक म्हणाले, "अर्थ उघड आहे. पुस्तके शेळीने खाल्ली."

मग शनिवारी सकाळी सरकारांनी कल्याणीबाईंस पाचारण केले आणि म्हणाले, "बाई, शेळी आपली. खुलासा द्या." बाईंनी मोबाइल काढून सरकारांचे हाती दिला आणि म्हणाल्या, "सरकार, खुलासा आपणच माझ्या वतीने ग्रुपवर लिहावा." सरकारांनी चष्मा लाविला, काच वर केली, खाली केली, आडवी केली, आणि म्हणाले, "लिहावयाची जागा कोठे आहे?" बाई म्हणाल्या, "पहिल्या दिवसापासून नाही. कोणालाच नाही. आपण बोला म्हणता, आणि मुलं कुलूप दाखवतात. त्यात एक मुलगी दुपारच्या गाडीने कायमची चालली आहे आणि तिला थांब म्हणायचीसुद्धा सोय नाही." सरकारांनी हळूच मान वळविली, आणि सर्व किल्लेदारांनी माना वळविल्या, आणि त्र्यंबकरावांनीही मान वळवून आपल्या मागे कोणी आहे काय पाहिले. मागे भिंत होती.

"त्र्यंबकराव, बटण."

त्र्यंबकरावांनी बटण उघडिले. आणि मग, ऐका मंडळी, येथून पुढे आमची लेखणीही उड्या मारू लागते. बटण उघडताच इतके दिवस तुंबलेले तीनशे कंठ एकदम फुटले! "सुनंदा थांब", "सुनंदा जाऊ नको", ऐसा मजकुराचा लोंढा आला की सरकारांचा मोबाइल थरथरत मेजावरून चालत चालत कडेस गेला आणि खाली उडी टाकता जाहला. आणि मग तीनशेही रयत टेकडीवरून उतरली, सायकली, मोटारसायकली, एक ट्रॅक्टर, आणि सरकार खासा व्यायामशाळेतील लाकडी घोड्यावर आरूढ, तो घोडा बारा पैलवानांनी खांद्यावर घेतलेला, फेटा वाऱ्यावर, आणि पुढे शास्त्री शुद्ध स्वरात "सुनंदा" या शब्दाचा घोष करीत. एसटी स्टँडावर बस नुकतीच हलली होती. कंडक्टराने घंटीची दोरी ओढिली तो घंटी वाजेना, कारण पश्चात्तापदग्ध त्र्यंबकराव दोरीस लोंबकळत होते! ड्रायव्हराने रयत पाहिली, आणि त्यासही भरून आले, आणि त्याने बस जी वळविली ती घाट चढून थेट राज्याच्या अंगणात, पाण्याचे टाकीखाली आणून उभी केली, आणि तीनशे मुखांनी एकदम नाव घेतले, आणि त्या गजराने टाकीतील पाण्यास भरती आली. एकूण तात्पर्य ऐसे की, किल्ला उघडिता बोल फुटला आणि बोल फुटता तीनशे जणांनी मिळून बस परत फिरविली, हे पाहणीचे सरदारांनीही दप्तरी नमूद…

"आजोबा, बस परत फिरली नाही."

श्रोत्यांतून एक बाई उभी राहिली होती.

आम्ही म्हटले, "बाई, आपणांस काय ठाऊक?"

"बस वेळेवर सुटली. मला ठाऊक आहे, माझा एक पाय पायरीवर होता. मी सुनंदा."

मंडळी आमच्याकडे पाहू लागली. आम्ही पाणी प्यालो. मग म्हटले, "आणि तीनशे?"

"चौघी."

"शंभर तरी लिहू?"

"चौघी, आजोबा. मनाली पुढं होती, धावत आलेली. म्हणाली, 'सुनंदा, दोन मिनिटं.' आणि मग तिला काय बोलावं ते सुचेचना. नुसती धापा टाकत उभी. मी पाय खाली घेतला, म्हटलं हिला पाणी तरी द्यावं. तेवढ्यात गाडी गेली."

"आणि सरकार? घोड्यावर?"

"सरांनी ग्रुपवर शुभ दुपार पाठवलं होतं."

"बाई, चौघींनी एक बस चुकविली, एवढ्यास बखर म्हणावी कशी? कोण मानील?"

"नका मानू. झालं ते तेवढंच."

"मग दिवाळी?"

"दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं गेले ना घरी. चौघी पुन्हा स्टँडवर आल्या होत्या. बॅग त्यांनी नेऊच दिली नाही, म्हणाल्या पिशवी ने."